खारी नळी

घरमालक काकांच्या तेरवीला पंगतीत जारचं पाणी वाढलं.

मांडवाच्या कडेला निळ्या-पांढऱ्या जारांची रांग होती. प्रत्येक जारवर जारवाल्याचं नाव आणि नावाखाली बर्फाच्या डोंगराचं चित्र. घाटाखालच्या आमच्या गावात उन्हाळ्यात सावलीसुद्धा भाजते. बर्फाचा डोंगर इथे जारवरच पाहायचा. ज्या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं या जारवाल्याशी भांडण्यात घालवली, त्याच्या नावाने जेवायला बसलेले लोक तेच पाणी पीत होते आणि "थंड आहे बरं" म्हणून एकमेकांना आग्रह करत होते. मांडवापासून हाकेच्या अंतरावर, घराच्या मागच्या पडवीत, काकांची मशीन भिंतीला टेकून उभी होती. बंद.

मी त्यांच्या पुतण्याला म्हटलं, "आज मशीन चालू केली असती तर?"

"कोन चालू करते ते धूड? काकालेच समजे ते," तो म्हणाला. "आन आजच्या दिवशी तरी ते घर्रघर्र नको, सर."

मग जेवणं झाल्यावर जारवाला उठला. दोन शब्द बोलावेत असं त्याला वाटलं. "भला मानूस होता," तो म्हणाला, "पन डोक्यात एक किडा होता, पान्याचा. त्याच्यापायी सोताले सुख नाही, गल्लीले सुख नाही, आन आमाले तं नाहीच नाही." लोक हसले. सुतकाच्या घरी हसतात तसे, मान खाली घालून, पण हसले. एकानेही म्हटलं नाही की अरे, ह्याच माणसाच्या ओट्यावर आपण रोज सकाळी घागर घेऊन उभे राहत होतो.

किडा म्हणे. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या कानातून जात नाही.

मी मूळचा अमडापूरचा, म्हणजे घाटावरचा. नोकरी लागली ती घाटाखालच्या या बाजाराच्या गावात, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची. खोली बघायला गेलो तेव्हा काका ओट्यावर बसले होते. पाणीपुरवठ्याच्या एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. उंच, वाळलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "घाटावरचे काय?"

"हो."

"मंग तुमचं पोट अजून कोरं हाये. खोली देतो, पन एक अट. माह्या नळाचं पानी प्याचं नाही."

"मग काय प्यायचं?"

"तेच तं. आमी इतकी वर्सं इचार करून राह्यलो, आता तुमी बी करा."

आतून काकूंचा आवाज आला, "घाबरवू नका हो त्यायले. आपन काय मेलो का?"

"प्रकरन विचाराधीन हाये," काका म्हणाले.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारट आहे. खारपाणपट्टा म्हणतात याला. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं नितळ असतं, आणि जिभेवर घेतलं की घामासारखं लागतं. साबणाला फेस येत नाही. दूध घातलं की चहा फाटतो. तुरीची डाळ कितीही उकळली तरी दाणा दाणा वेगळा राहतो, आणि घरची बाई ती पळीने घोटत बसते. इथे जन्मलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा घाटावर मावशीकडे जाऊन आला आणि मला म्हणाला, "सर, तिकडचं पानी कायचंच लागत नाही." त्याच्या हिशेबी पाण्याला चव नसणं हा पाण्याचा दोष होता.

काकांच्या खिशातल्या दोन पेनांपैकी एक पेन नव्हतं. ते पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र होतं. टोपण काढून पाण्यात बुडवलं की छोट्या चौकटीत आकडा दिसायचा, जितका मोठा तितकं पाणी खारं. काका कुणाच्याही घरी गेले की हातात आलेल्या ग्लासात आधी ते बुडवत, आकडा मोठ्याने वाचत, आणि मग ग्लास तोंडाला लावत किंवा तसाच परत ठेवत. लग्नात, बारशात, मयतीच्या घरीसुद्धा. लोकांना ते फार लागायचं. एका साखरपुड्यात मुलीच्या बापाने हात जोडून म्हटलं होतं, "काका, आज तरी नका न मोजू." काका म्हणाले, "पोरगी तुमी या पान्यात देऊन राह्यले, मी फक्त मोजून राह्यलो."

आमच्या कॉलेजात त्यांना एकदा पाहुणे म्हणून बोलावलं होतं. प्राचार्यांनी अदबीने पाण्याचा ग्लास पुढे केला. काकांनी खिशात हात घातला तेव्हाच मी डोळे मिटले. "हजाराच्या वर हाये साहेब," त्यांचा आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तुमचे पोट्टे हेच पेतात काय?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. पाणी मात्र होतं तेच राहिलं.

कचेरी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. घरात ते काकूंशी सरकारी भाषेत बोलत. "चहाचा विषय कवापासून प्रलंबित हाये?" काकू चुलीपाशी बसूनच उत्तर देत, "दूध फाटलं. शेरा मारा आन गप बसा." "मंग बिनदुधाचा सादर कर." "सादर करते, पन सही कराले इकडं या. मी नाही उठत." बाहेरच्याला वाटावं यांचं भांडण चाललंय. मला ते ऐकताना घरची आठवण यायची.

या भाषेखाली काय होतं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीत असताना गावोगावचे अर्ज त्यांच्या टेबलावर येत. पाणी खारट आहे, डाळ शिजत नाही, पाय सुजतात. वरून सांगितलेलं असे की अशा अर्जांवर "नोंद घेतली" लिहायचं आणि प्रकरण बंद करायचं. "मी लिवलं," काका म्हणाले. "माह्या अक्षराची तारीफ व्हायची, सर. किती गावं मी सुंदर अक्षरात बंद केली." मग ते खिशातल्या पेनाचं टोपण लावत-काढत बसले.

काकूंच्या पायांवर सूज यायला लागली ती मी राहायला आल्याच्या दुसऱ्या वर्षी. आधी त्या म्हणायच्या, उभं राहून होतं. मग सकाळी चेहराही जड दिसायला लागला. काका त्यांना खामगावला घेऊन गेले, बरोबर मी होतो. डॉक्टर सभ्य होते. तपासण्या पाहून म्हणाले, "किडनीवर ताण आहे. औषधं देतो, पथ्य सांगतो. आणि आधी पाणी बदला."

"म्हंजे पान्यानं झालं," काका म्हणाले.

"पाण्याचा वाटा असू शकतो."

"तसं लिवून द्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तसं लिहिता येत नाही हो. कारणं पुष्कळ असतात."

"पुष्कळ असतीन. पयलं लिवा ना."

डॉक्टरांनी औषधांची नावं लिहिली. गाडीत काका एवढंच म्हणाले, "तोंडानं सगळे सांगतात. कागद पुढं केला का शाई संपते."

पाणी बदला. कुठून बदलायचं? पहिल्यांदा काकांनी जार लावला. दाराशी जार उतरवताच त्यांनी खिशातलं यंत्र काढलं, ते बुडवलं, आणि जारवाल्याला उंबऱ्यातच थांबवलं.

"हे तं तुह्या बोअरचंच पानी हाये बे."

"थंड केलं ना काका."

"थंड केलं म्हंजे गोड झालं काय?"

"पब्लिकले थंड पाह्यजे. आजपर्यंत कोनी आकडा नाही इचारला. तुमालेच काऊन तकलीफ?"

त्या प्रश्नाचं उत्तर आत खाटेवर पाय वर करून बसलं होतं. काकांनी जार ढकलून दिला आणि दोघांच्या भांडणाला तिथून सुरुवात झाली.

मग शहरातून विकतच्या मशीनचा माणूस आला. त्याने पाणी तपासलं आणि नम्रपणे हात वर केले. इतक्या खारट पाण्याला आमची घरगुती मशीन चालत नाही, चार महिन्यांत बिघडेल, आणि बिघडली तर हमी लागू होणार नाही, असं तो म्हणाला. म्हणजे ज्याचं पाणी बरं आहे त्याला मशीन मिळते. ज्याचं नाही त्याला मिळत नाही. हे त्याने असं सहज सांगितलं, जसं काही हा जगाचा साधा नियमच आहे. मी पुस्तकांतला माणूस, मला राग उशिरा येतो. त्या दिवशी लगेच आला.

काका म्हणाले, "मी करतो."

अकोल्याच्या बाजारातून त्यांनी एकेक भाग आणला. मातीचा गाळ अडवणारा एक फिल्टर, कोळशाचा एक, दाब देणारा पंप, आणि सगळ्यात महत्त्वाचं ते मेंब्रेन: लाटण्याएवढी गुंडाळी, जिच्यातून पाणी जातं आणि क्षार मागे राहतो. स्वयंपाकघराचं जुनं दार उतरवून त्यांनी पडवीत उभं केलं आणि त्यावर हे सगळं पट्ट्यांनी आवळून बसवलं. काकू म्हणाल्या, "दार काऊन काढलं? आता मांजर शिरन." काका म्हणाले, "मांजराले बी गोड पानी देऊ."

मशीनला शेवटी दोन नळ्या होत्या. एकीतून गोडं पाणी थेंबाथेंबाने यायचं. दुसरीतून मागे राहिलेला सगळा क्षार घेऊन, बोअरपेक्षाही खारट पाणी धार धरून वाहायचं. पाणी दोन्हींतलं सारखंच नितळ. काकांनी नावं ठेवली, गोडी नळी आणि खारी नळी.

आता इथे एक गोष्ट झाली, जी मला वाटतं आमच्याच भागात होऊ शकते. मशीन सुरू झाली आणि घरातले सगळे गोड्या नळीकडे न बघता खाऱ्या नळीकडे बघायला लागले. गोडं पाणी तांब्याभर जमेपर्यंत खारं बादल्या भरून नालीत जात होतं. उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या माणसांना ते बघवेना. पडवीत आलेली शेजारची कांताबाई गालावर हात ठेवून म्हणाली, "काय वो काका, एवढं पानी नासता? पाप लागन!" काकांनाही ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाऱ्या नळीच्या तोंडात दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड ठोकलं. वाया जाणं बंद. मोठ्या समाधानाने ते ओट्यावर येऊन बसले. आठवड्याच्या आत मेंब्रेन क्षाराने गच्च भरलं, पंप तापला, एक नळी सुटली आणि स्वयंपाकघरात घोट्याइतकं पाणी झालं. काकू खाटेवर पाय घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "प्रकरन निकाली निघालं काय?"

नवं मेंब्रेन आणून काकांनी खारी नळी मोकळी सोडली. त्यानंतर ते येईल त्याला समजावत, कधी चिडून, कधी हात धरून: ती धार वाहिली पाहिजे. ती धार म्हणजेच मशीनचं काम. "मानसाच्या अंगातली घान बाहेर जाते का नाही? तिले अडवून ठेवता काय? दवाखान्यातली मशीन रगत गाळते, ही पानी गाळते. ही आधी लागली तं ती लागत नाही."

आणि गोड्या पाण्यात पहिल्यांदा डाळ शिजवली त्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. डाळ पूर्ण गळाली होती, पिवळी, लोण्यासारखी. काकू पळी बुडवायच्या आणि वर धरायच्या, पुन्हा बुडवायच्या. "लगन होऊन आली तवापासून पयल्यांदा," त्या म्हणाल्या. काकांनी वाटीत वरण घेतलं आणि बाहेर जाऊन खाल्लं. सरकारी भाषेतही त्यांना त्या दिवशी काही सुचलं नाही.

डाळीची बातमी गल्लीत एका दिवसात पसरली. आधी कांताबाई तांब्या घेऊन आली, मग लोक घागरी घेऊन यायला लागले. काकांनी ओट्यापर्यंत नळी ओढून तोटी बसवली. नियम एकच, घरामागे एक घागर, फक्त पिण्याला आणि डाळीला. "तोंड धुताना दिसलं तं घागर जप्त," असं ते दरडावायचे. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. तोटीवर काकू बसायच्या, स्टूल घेऊन. पाय सुजलेले असत, पण त्यांचा तो मानाचा वेळ होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीवर हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईच्या दारात आता लोक हंडा घेऊन उभे होते. रिकामी घागर घेऊन कुणाला परत जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची जिद्द होती.

जारवाल्याचे जार त्या गल्लीत कमी झाले. थोड्याच दिवसांत गावच्या पाणीपुरवठा कार्यालयातून नोटीस आली. आपल्या घरातून सांडपाणी सार्वजनिक रस्त्यावर सोडण्यात येत असून पाण्याचा अपव्यय होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत बंद न केल्यास यंत्र जप्त करण्यात येईल.

निदर्शनास आले आहे! आमच्या गल्लीची नाली कित्येक वर्षं तुंबून रस्त्यावर येते. ते निदर्शनास आलं नाही. मुलं काय पाणी पितात हे निदर्शनास आलं नाही. एका म्हाताऱ्याने पडवीत, जुन्या दारावर, स्वतःच्या बायकोसाठी बसवलेली मशीन तेवढी बरोबर निदर्शनास आली.

काकांनी नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, "मसुदा चांगला हाये." मग मागच्या अंगणात शोषखड्डा खणून घेतला, दगड-विटांचे तुकडे भरले आणि खारी नळी त्यात सोडली. रस्ता कोरडा झाला. कार्यालयाचा माणूस सायकलवरून येऊन बघून गेला, त्याला काही सापडलं नाही. काका खूश होते. "खड्डा उत्तम काम करून राह्यला," मला सांगत. आमच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी इतकं मुरत नाही, ही गोष्ट इथला कुठलाही शेतकरी सांगू शकला असता. पण मुरतंय हे त्यांना हवं होतं, आणि खड्डा खरोखरच भरून वाहत नव्हता.

काकूंची तब्येत मात्र सुधारेना. उलट हात सुजले, अन्न जाईना. बिनदुधाचा चहा घ्यायच्या. आम्हाला वाटलं, पथ्य. डॉक्टर चक्रावले. "पाणी बदललं ना?" त्यांनी विचारलं. काका छाती पुढे काढून म्हणाले, "घरची मशीन हाये." काकू खाली बघत राहिल्या.

एका दुपारी त्यांना उठवत नव्हतं. काका तोटीवर होते. त्यांनी मला हाक मारली, "सर, घोटभर पानी द्या." मी स्वयंपाकघरातल्या माठाकडे गेलो तर त्या घाईने म्हणाल्या, "त्यातलं नको, ते लोकायचं हाये. मोरीपाशी गुंड हाये, त्यातलं द्या."

मोरीच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, पितळेचा गुंड, म्हणजे मोठी कळशी, होता. शेजारी दोन बादल्या, एक घमेलं, सगळं काठोकाठ. गुंडाच्या गळ्याला आतून पांढऱ्या क्षाराचा बोटभर जाड थर बसला होता. माझ्या मागे काका येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी खिशातलं यंत्र काढलं आणि गुंडात बुडवलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. आकडा मोठ्याने न वाचण्याची ती पहिलीच वेळ.

"खाऱ्या नळीचं पेऊन राह्यली तू?"

काकूंनी पदर पायांवर ओढून घेतला.

"काऊन?"

"फेकाव काय मंग?" त्या म्हणाल्या. "तुमचा खड्डा एका दिवसात भरते. रातभरात रस्त्यावर गेलं असतं तं ते लोक मशीन घेऊन गेले असते. म्हनून मी नळी बादलीत सोडे. भांडे घासले, फरशी पुसली, तरी उरे. मंग म्हटलं, आपल्यापुरतं तं सरन."

"मशीन कोनासाठी होती?"

"गोडं पुरत नव्हतं हो. त्या कांताच्या घरी लहान लेकरू हाये. रिकामी घागर घेऊन धाडू काय तिले?" आणि मग, जसं काही हीच सगळ्यात मोठी बाजू, त्या म्हणाल्या, "आन दिसाले तं सारखंच दिसते."

काका खाटेच्या पायथ्याशी बसले. त्यांनी काकूंचं सुजलेलं पाऊल मांडीवर घेतलं. बाहेर तोटीवर कुणीतरी घागर आपटून विचारत होतं, "काका, पानी बंद केलं काय?"

त्या बाईला काय म्हणायचं? अडाणी? जिने कधी विकतच्या पाण्याचा घोट घेतला नाही, जी घरात नेहमी शेवटी जेवली, जिला लहानपणापासून शिकवलं की पाणी सांडणं पाप आणि पाहुण्याला पहिलं, तिने ते शिकवलेलंच केलं. जे चुकलं ते तिच्या शिकवणीबाहेर होतं. पाणी देणं ज्यांचं काम होतं त्यांनी पाणी दिलं नाही. एक कागद दिला. त्या कागदाच्या धाकाने ती आपल्या नवऱ्याची मशीन वाचवत होती, घोटाघोटाने.

त्यानंतर काकूंना गोडंच पाणी मिळालं. उशीर झाला होता. उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी कारण विचारलं गेलं तेव्हा काका म्हणाले, "पानी." समोरच्याने वर न बघता "अल्प आजार" लिहिलं.

गल्लीला वाटलं मशीन आता थांबेल. थांबली नाही. तेरवी आटोपताच काकांनी पत्र्याचे उथळ ट्रे वाकवून घेतले, गच्चीवर मांडले, आणि खारी नळी वर नेली. ट्रेमध्ये पाणी पसरायचं आणि उन्हाने आटायचं. रस्त्यावर थेंब नाही, खड्ड्यात थेंब नाही. काही दिवसांनी ट्रेच्या तळाला पांढरट, खवल्यांचा थर धरला. काका भर उन्हात डोक्याला उपरणं बांधून खुरप्याने तो खरवडायचे. खालून लोक हसायचे. "काका, मिठाची शेती काय?" जारवाल्याने तर त्यांच्या डोक्यातल्या किड्याची ती गोष्ट तेव्हापासून सांगायला सुरुवात केली.

एक दिवस ते मला म्हणाले, "सर, कार्यालयात याचं हाये. साक्षीदार पाह्यजे. बोलाचं काम नाही, उभं राह्याचं." हातात खताची पिशवी होती, अर्धी भरलेली, खांद्याला जड जाणारी.

ज्या साहेबांच्या सहीने नोटीस निघाली होती त्यांच्या खोलीत आम्ही गेलो. भिंतीवर पंखा, खिडकीपाशी हात धुवायचं बेसिन, टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास, कोपऱ्यात बर्फाचा डोंगर असलेला जार. काकांनी न विचारता पिशवी टेबलावर उपडी केली. पांढरे-राखाडी खवले फायलींवरून घरंगळले.

"हे काय आहे?" साहेब मागे सरकले.

"पानी."

"हे पाणी आहे?"

"पान्यातून पानी काढलं का हे राह्यते. एका घरातलं हाये, एका उन्हाळ्याचं. बाकीच्या घरायचं त्यायच्या पोटात हाये."

साहेबांनी एक खवला बोटाने सरकवून पाहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटकेचा भाव आला, जो मी जन्मात विसरणार नाही. त्यांना एक प्रश्न सापडला होता. "म्हणजे तुम्ही गच्चीवर मीठ तयार करता. त्याची परवानगी काढली आहे का?"

मला वाटलं काका ओरडतील. ते ओरडले नाहीत. "नाही काढली," ते म्हणाले. "मले दुसरं कायी नको, साहेब. एका ओळीत लिवून द्या, इथलं पानी प्याच्या लायक नाही. सही-शिक्क्यानं. मंग मशीन बी घेऊन जा."

"असं आम्ही कसं लिहून देणार? प्रयोगशाळा आहे, वरचं कार्यालय आहे. तुम्ही तर याच खात्यातले, तुम्हाला माहीत आहे."

"हो. मले लय माहीत हाये."

मग त्यांनी टेबलावरच्या ग्लासाचं झाकण काढलं. ढिगातून मूठभर खवले घेतले, ग्लासात टाकले, आणि साहेबांच्याच पेनाने शांतपणे ढवळले. थोडा वेळ पाणी गढूळ दिसलं. मग गाळ तळाशी बसला आणि वर पाणी पुन्हा नितळ झालं. काकांनी ग्लास साहेबांच्या पुढे सरकवला.

"प्या."

साहेबांनी आपलं ओलं पेन रुमालाने पुसलं.

"प्या ना साहेब. दिसाले तं सारखंच दिसते. माही बायको हेच पेत होती. तुमची नोटीस आल्यापासून, रोज."

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही. शेवटी त्यांनी घंटी वाजवली. शिपाई आला, त्याने टेबलावरचा पसारा पाहिला, काय समजायचं ते समजला, आणि ग्लास उचलून खिडकीपाशी गेला. बेसिनमध्ये त्याने तो उपडा केला. बेसिनच्या नळीचं दुसरं टोक भिंतीबाहेर उघडंच सोडलेलं होतं. पाणी खाली रस्त्यावर पडल्याचा आवाज आम्हा चौघांनाही स्पष्ट ऐकू आला.